पट्टा लावला होता

११ जानेवारी

जावईबापू, नमस्कार.

तुम्ही फोन उचलत नाही. दोनदा नुसता वाजतो, तिसऱ्यांदा ती यंत्रातली बाई बोलायला लागते आणि मी तिच्यावर चिडतो. म्हणून पत्र. पत्र उचलावं लागत नाही, दाराखालून आपोआप आत येतं.

सोबत परिवहन कार्यालयाचं पाकीट आहे. तुमच्या बंद घराच्या दारात पडलं होतं. मी आठवड्यातून एकदा तिथं जाऊन नळ सोडून बघतो, तेव्हा सापडलं. फोडलं मीच. सरकारी पाकीट दिसलं की माझ्याच्यानं राहवत नाही.

थोडक्यात सांगतो. जूनमधल्या अपघाताची सुनावणी १८ फेब्रुवारीला सकाळी अकरा वाजता आहे. गाडीत लहान मूल असेल तर ते मागच्या सीटवर, त्याच्या मापाच्या बेबी सीटमध्ये, पट्टा लावून बसलंय की नाही हे बघायची जबाबदारी गाडी चालवणाऱ्याची, असा कायदा आहे. आई शेजारी बसलेली असली तरी जबाबदारी त्याचीच. पट्टा लावलेला नव्हता असं ठरलं तर तुमचं लायसन वर्षभर जाणार. पुलाच्या कामावर रोज जीप घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजमापं करत फिरणाऱ्या माणसाला लायसन नसलं तर काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट त्या पाकिटात नाही. तुमची बायको, म्हणजे माझी मुलगी, म्हणते, "निकाल लागू दे, मग मी ठरवते." काय ठरवते ते मी विचारलं नाही. इथं माझ्या घरी फ्रिजवर तिनं एका वकीलबाईंचं कार्ड लावलेलं आहे.

तिचा राग तुम्हाला माहीत आहे, पण त्याचं कारण तुम्हाला नीट कळलंय की नाही याची मला शंका आहे. ट्रक गल्लीतून उलटा आला, तुम्ही ब्रेक दाबला, गाडी दुभाजकाला धडकून थांबली, यात तुमचा दोष आहे असं ती म्हणत नाही. तुम्हा दोघांना साधं खरचटलंही नाही. माझी अडीच वर्षांची नात मुंगी मात्र सीटमधून सुटून पुढच्या सीटच्या पाठीवर आपटली. हासळीचं हाड मोडलं, भुवईवर सहा टाके पडले. रस्त्यावरच हिनं तुम्हाला विचारलं, "पट्टा लावला होतास ना?" आणि तुम्ही म्हणालात, "लावला होता. बहुतेक." हे मला तिनं निदान वीस वेळा सांगितलंय. इस्पितळाच्या औषधविभागात आठ तास उभी राहून गोळ्या देणारी बाई आहे ती. एकेक पाकीट दोनदा वाचून मग देते. तिच्या कामात 'बहुतेक' हा शब्द चालत नाही, आणि तो तिच्या नवऱ्यानं मुलीबद्दल वापरला.

माझं म्हणाल तर कबूल करून टाका. सुनावणीला यायचीही गरज नाही, मागच्या पानावर कबुलीचा अर्ज आहे, त्यावर सही करून पाठवून द्या. वाद घालत बसलात की चौकशी होते, चौकशीत मग सतरा लोकांना प्रश्न विचारतात. ती सीट तर मी तेव्हाच भंगारात दिली, त्यामुळे दाखवायला काही नाहीच. एक वर्ष काय, बघता बघता जाईल.

मुंगी छान आहे. हाड जुळलं. दुपारी माझ्या दुकानात फोमच्या तुकड्यांवर झोपते आणि उठली की तेच तुकडे एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात वाहून नेते. नाव सार्थ करते आहे. तुमच्याबद्दल कुणी विचारलं तर "बाबा पूल करतोय" म्हणते. अजून किती दिवस करतोय हे तिनं परवा मला विचारलं, मी लांब पूल आहे म्हणून सांगितलं.

उत्तर पाठवा.

तुमचा सासरा

२४ जानेवारी

जावईबापू,

उत्तर नाही. असू दे.

काल परिवहन कार्यालयातली तपासणी अधिकारी दुकानात आली होती. वय चाळिशीचं, पायात दणकट बूट, काखेत वही. मला वाटलं सीट कव्हरचं काम असेल, म्हणून मी नमुन्यांचं पुस्तक काढून पुढे ठेवलं. तिनं तेही पान न पान बघितलं आणि मग म्हणाली, "अपघातातली बेबी सीट मला पाहायची आहे."

मी म्हटलं, "भंगारात गेली."

"कुणी दिली?"

"मीच दिली. अपघातात सापडलेली सीट पुन्हा वापरायची नसते ना?"

"बरोबर आहे. पण लोकांना हे सहसा माहीत नसतं," असं म्हणून तिनं ते वहीत लिहून घेतलं. स्वतःचा शहाणपणा असा अंगाशी येतो.

मग तिनं आपल्या गाडीतून एक सीट आणि एक बाहुली आणली. बाहुली पोराच्या वजनाची, आत वाळू भरलेली. आणि माझ्याच टेबलावर मला शिकवायला लागली. चाळीस वर्षं मी गाड्यांच्या सीटांवर जगलोय, जावईबापू. कुठल्या गाडीच्या सीटला किती मीटर रेक्झिन लागतं ते मी नुसतं गाडीकडे बघून सांगतो. नाकाला मिरच्या झोंबल्या, पण सरकारी बाई, ऐकून घेतलं. ऐकलं ते बरंच नवीन होतं, हेही कबूल करतो.

मूल जितके दिवस जमेल तितके दिवस मागे तोंड करून बसवायचं, पाय दुमडले तरी हरकत नाही. पुढं एअरबॅग असते, ती फुटली की बारक्या पोराला थोबाडीत बसल्यासारखी नाही, भिंत अंगावर आल्यासारखी बसते, म्हणून पुढच्या सीटवर कधी नाही. मागची मधली जागा दोन्ही दारांपासून लांब, म्हणून ती चांगली, पण सीट तिथं घट्ट बसत असेल तरच. मांडीवर घेऊन बसणं तर विसराच. मी म्हटलं, आम्ही सगळे मांडीवर बसून वाढलो. ती म्हणाली, "जे वाढले तेच आज हे सांगायला आहेत."

मग तिनं बाहुलीला पट्टा लावून दाखवला. खांद्याजवळ चिमटीत पट्टा धरून बघायचा. चिमटीत घडी आली तर पट्टा सैल. घडी आली नाही तर बरोबर. "एवढंच?" मी म्हटलं. "एवढंच," ती म्हणाली, "पण शंभरातले साठ जण हे करत नाहीत."

जाताना तिनं मशीनवर अडकवलेलं माझं काम हातात घेतलं आणि शिवणीवरून अंगठा फिरवला. "ही तुमची?" मी हो म्हटलं. "सुंदर आहे," ती म्हणाली. आणि लगेच पुढचा प्रश्न विचारला, "त्या बेबी सीटवर तुम्ही कधी काम केलं होतं का?"

मी नाही म्हटलं.

एक पुस्तिका देऊन गेली. सोळा पानांची आहे, चित्रं बरी आहेत. मी पहिली दहा पानं वाचली आणि नंतरची पाच. तुमच्यासाठीही एक मागून ठेवली आहे.

मुंगीला सर्दी आहे, बाकी ठीक.

सासरा

२ फेब्रुवारी

दहा दिवस झाले, चार ओळी लिहायला काय हरकत आहे? तुमच्या हातात पेन असतं ते काय फक्त पुलाच्या खांबांवर खुणा करायला? तो कबुलीचा अर्ज भरला असेल तर तो पाठवू नका. पाठवला असेल तर कळवा.

घाई आहे म्हणून कार्डच टाकतो आहे.

५ फेब्रुवारी

जावईबापू,

आज दुकान उघडलं नाही. शटर अर्धं खाली ओढून आत बसलो आहे आणि टेबलावर ती सीट आहे. भंगारात दिली हे खोटं होतं. सात महिने ती माझ्या माळ्यावर रेक्झिनच्या गुंडाळ्यांमागे होती. आज मुंगी आईबरोबर डॉक्टरकडे गेली तेव्हा शिडी लावून खाली काढली.

पुस्तिकेचं अकरावं पान मी गाळलं होतं. आता वाचलं. त्यावर चित्र नाही, मोठ्या अक्षरांत लिहिलंय की सीटचा पट्टा कापू नका, जोडू नका, शिवू नका. सीटमध्ये वेगळी गादी घालू नका. अगदी साध्या भाषेत आहे, मला कळणार नाही असं त्यात काहीही नाही.

आता मी काय केलं ते ऐका.

मे महिन्याच्या शेवटी तुम्ही गाडी माझ्याकडे सोडली होती, पुढच्या सीटांना कव्हर घालायला. त्याच्या आदल्या रविवारी मुंगी माझ्यासमोर गाडीतून उतरली, तेव्हा तिच्या मानेवर दोन्ही बाजूंना लाल रेघा होत्या. पट्ट्याच्या कडा. मी हिला विचारलं तर ही म्हणाली, "सगळ्याच मुलांना होतं, बाबा. सवय होईल." माझ्या नातीला माझ्या धंद्यातल्या वस्तूनं मान सोलून घ्यायची सवय होईल, हे मला पटलं नाही. सरळ सांगायचं तर अपमान वाटला.

मी गाडीतल्या तिच्या बेबी सीटचे दोन्ही खांद्याचे पट्टे मानेजवळ कापले. मधे चार बोटं मऊ पट्टी घातली, आतून अस्तर लावलेली, आणि दोन्ही टोकांना मशीननं जोडली. एकेका जोडावर चार ओळी टाके. खाली दोन इंच फोम घातला, त्यावर गादी, कडेनं लाल पायपिंग. काम झाल्यावर मी ते लांबून बघितलं, जवळून बघितलं, आणि शेजारच्या टायरवाल्याला बोलावून त्यालाही दाखवलं. हिला मी गादी घातली एवढंच सांगितलं. चाळीस वर्षांत माझी शिवण कुणाकडे उसवलेली नाही. पण ती शिवण माणसांनी बसायच्या गाद्यांची होती. गादीला कुणी धडक देत नाही. कव्हरला वापरतो तोच दोरा मी एका जिवाला बांधायला वापरला आणि माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की हे काम वेगळं आहे. इतकी वर्षं ज्या गोष्टीचा मला गर्व होता, तिनंच हे केलं.

खांद्याचा आणि कमरेचा पट्टा हा एकच लांब पट्टा असतो, हे मला आज बारकाईनं बघितल्यावर समजलं. वर तुटला की खाली सगळंच सैल होतं. दोन्ही जोड सुटले आहेत. टाके ओढून निघालेत, दोऱ्याची टोकं अजून लोंबताहेत. तुटलेली टोकं फोमच्या मागे खोल गेली होती, धक्क्यानं गेली असावीत, म्हणून त्या दिवशी कुणाला दिसली नाहीत. तुमची गाडी गॅरेजमध्ये होती, सीट आणायला मीच गेलो होतो, आणि तिथंच मला दिसलं होतं. जूनच्या अकरा तारखेपासून मला माहीत आहे.

आता यापुढचं वाक्य तुम्ही दोनदा वाचा. बक्कल अजून बंद आहे. दोन्ही जिभा आत आहेत, मी ओढून बघितलं, हलत नाहीत. आणि पायाशी जो पट्टा ओढून घट्ट करायचा असतो तो टोकापर्यंत ओढलेला आहे, बाहेर वीतभर शेपूट आहे. तुम्ही पट्टा लावला होता. घट्टही केला होता. तुमचं काहीही चुकलं नव्हतं.

मग मी सात महिने मूग गिळून का बसलो, हे तुम्ही विचाराल. विचारायलाच हवं. सुरुवातीला पाचावर धारण बसली होती, पोरगी इस्पितळात, तिथं काय बोलणार. नंतर म्हटलं, तिचं हाड जुळू दे. हाड जुळलं. तेवढ्यात तुमचं भांडण झालं, तुम्ही लांबच्या कामावर बदली मागून घेतलीत, आणि ही मुलीला घेऊन माझ्याकडे आली. हिची आई गेल्यापासून सहा वर्षं मी त्या घरात एकटा जेवतो. रेडिओ लावून जेवतो, म्हणजे कुणीतरी बोलतंय असं वाटतं. आणि एकदम सकाळी बाथरूमपाशी रांग लागायला लागली. माझ्या चष्म्यावर पिठाचे हात. संध्याकाळी दुकान बंद करायची घाई. मला आवडायला लागलं, जावईबापू. घर भरलं होतं. तुमचं मोडत होतं आणि माझं भरत होतं, आणि मला ते दिसत होतं, आणि मी बोललो नाही. मला याची लाज वाटते. एवढी लाज मला आयुष्यात कशाची वाटलेली नाही.

तुम्हाला अर्जावर सही करा असं सांगितलं तेही याच पोटी. सही झाली की चौकशी नाही, आणि सीट कुणी मागणार नाही.

हिला अजून सांगितलेलं नाही. रोज संध्याकाळी ठरवतो आणि ती डबा घासताना गुणगुणत असते, मग राहून जातं. सुनावणीच्या आधी सांगणार. नाही सांगितलं तर हे पत्र तुमच्याकडे आहेच, ते घेऊन सुनावणीला या आणि अधिकारीबाईच्या हातात द्या. माझं अक्षर आहे, सही करतो आहे. गय करू नका.

खाली सही केली आहे.

२० फेब्रुवारी

जावईबापू,

तुमचं पत्र १२ तारखेला आलं. अर्धं पान. मी ते दुकानात उभ्याउभ्या वाचलं आणि मग बसून वाचलं.

तुम्ही लिहिलंत की तुम्हाला माहीत होतं. रुग्णवाहिका हिला आणि मुंगीला घेऊन गेली, तेव्हा तुम्ही गाडीपाशी एकटे होतात, तुटलेली टोकं तुम्ही पाहिलीत आणि तुमच्याच हातांनी ती फोमच्या मागे खोचलीत. मी इथं धक्क्यानं गेली असावीत म्हणून अक्कल पाजळतो आहे. आणि त्याच्याही आधीचं लिहिलंत, ते जास्त लागलं. गाडी न्यायला आलात तेव्हाच तुम्ही माझी शिवण पाहिली होती. पट्ट्याला हात लावायचा नसतो हे तुम्ही त्या सीटच्या खोक्यावर वाचलेलं होतं. "काम सुबक होतं, तुम्ही इतक्या हौसेनं दाखवत होता, सासऱ्यांना तोंडावर कसं सांगायचं ते मला कळलं नाही. म्हणून अपघातानंतर 'बहुतेक' म्हणालो. पट्टा मी लावला होता, पण तो धरेल याची खात्री मला त्या दिवशीही नव्हती." आणि शेवटी, "कबुलीचा अर्ज २८ जानेवारीलाच पाठवला आहे. आता तुम्ही काही करू नका. तिला वडील एकच आहेत."

इतक्या वर्षांत तुम्ही माझा सल्ला पहिल्यांदा ऐकलात, आणि नेमका तोच ऐकायचा होता?

मी तुमच्यावर भयंकर चिडलो. मला तुम्ही उपकार करायला सांगितलं होतं का? तुम्ही त्या दिवशी नुसतं म्हणाला असतात, "हे चालणार नाही, काढा", तर मी आठ दिवस फुरंगटून बसलो असतो. फार तर पंधरा दिवस. मुंगीचं हाड मोडलं नसतं. पण हे मी कुणाला बोलतो आहे, तेही मला कळतं. पट्टे कापले मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी सीट घरी नेली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवली. मुंगी पाळणाघरात गेली होती. ही कामावर जायला निघाली होती, चपला पायात होत्या. मी म्हटलं, "बस. हे बघ." पट्ट्याची दोन टोकं तिच्या हातात दिली.

तिनं टोकं बघितली. मग बक्कल ओढून बघितलं, एकदा, दोनदा. मग लाल पायपिंगवर बोट ठेवलं. तुम्ही ओळखता तिला, ती ओरडत नाही. फोन करून सांगितलं की आज येणार नाही, आणि चपला काढून समोर बसली.

"कधीपासून माहीत आहे?"

"अकरा जून."

"म्हणजे रोज. रोज माझ्यासमोर बसून जेवत होता तुम्ही."

मी हो म्हटलं.

"मी त्याला काय काय बोलले ते ऐकत होता."

"हो."

ती उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. दुपारी बाहेर आली ती सीट पिशवीत घालून थेट परिवहन कार्यालयात. मला बरोबर चला म्हणाली नाही. संध्याकाळी येऊन म्हणाली, "अठरा तारखेला अकरा वाजता तुम्हाला यायचं आहे," बस, तेवढंच. पुढचे पाच दिवस घरात आम्ही दोघं मुंगीशीच बोलत होतो.

सुनावणी एका लहानशा खोलीत झाली. पंखा, चार खुर्च्या, भिंतीवर सीट बेल्टचं पोस्टर. टेबलावर तुमचा सही केलेला अर्ज होता. अधिकारीबाई मला म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही नाही म्हणाला होता." मी म्हटलं, "खोटं बोललो होतो." त्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि माझी सही घेतली. मग दोऱ्याचं टोक भिंगातून बघितलं. तुमचा अर्ज रद्द झाला, त्यावर आडवी रेघ मारून शिक्का मारला. चालकानं पट्टा योग्य रीतीनं लावलेला होता, असा शेरा आहे, त्याची प्रत सोबत जोडली आहे. लायसनला काही होत नाही. मला लेखी ताकीद मिळाली, आणि यापुढं मुलांच्या कुठल्याही सीटला हात लावणार नाही असं मी लिहून दिलं. सीट त्यांनी ठेवून घेतली. शिबिरांत लोकांना दाखवणार म्हणाल्या. बाईंनी विचारलं, "तुमचं नाव सांगणार नाही, पण चालेल ना?" मी म्हटलं, दाखवा. सगळ्यात आधी कव्हरवाल्यांना दाखवा, ते माझ्यासारखेच असतात.

आता राहिलं ते तुमचं पत्र. ते सहा दिवस माझ्या शर्टाच्या खिशात होतं. तुम्ही लिहिलंत तिला सांगू नका, आणि माझी तीच सवय झालेली होती, कुणाचं काहीतरी न सांगता खिशात ठेवायची. सुनावणीहून परत येताना तिनं रिक्षात विचारलं, "त्याला काहीच कळलं नसेल? तो रोज मोजमापं करणारा माणूस आहे. पट्ट्याचे जोड त्याला दिसले नसतील?" मला म्हणता आलं असतं की मला काय माहीत. मी पत्र काढून तिला दिलं. तुमची परवानगी घेतली नाही. राग आला तर येऊ द्या, पण सात महिन्यांनंतर मी तिच्याशी आणखी एक खोटं बोलणार नव्हतो. तुमच्यासाठीही नाही.

तिनं ते रिक्षातच वाचलं. घर येईपर्यंत बाहेर रस्त्याकडे बघत होती. मला वाटलं होतं, तुम्ही तिच्या बापाला वाचवायला बघितलंत म्हणून तिला भरून येईल. तसं काही झालं नाही. घरी आल्यावर पाणी प्यायली, पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही दोघं एकमेकांचा मान राखत बसलात, बाबा. आणि मधे माझी पोर बसली होती."

फ्रिजवरचं कार्ड काल सकाळी दिसलं नाही. फेकलं की पर्समध्ये ठेवलं, मला माहीत नाही, आणि मी विचारणार नाही. त्यावरून मनाशी काही ठरवू नका.

ती रविवारी तुमच्याकडे येते आहे, मुंगीला घेऊन. स्वतः गाडी चालवत. नवी सीट तिनं काल संध्याकाळी फाटकापाशी एकटीनं बसवली, पुस्तिका बॉनेटवर उघडी ठेवून. मी पायरीवर उभा होतो. एकदा पुढं झालो तर म्हणाली, "तिथंच थांबा." थांबलो. दोनदा काढून पुन्हा बसवली तिनं, गुडघा टेकवून, घाम येईपर्यंत. मुंगी बाजूला बसून तिला सूचना देत होती.

परत इथं येणार की तिथंच राहणार, ते तिनं सांगितलेलं नाही. कपड्यांची बॅग मोठी आहे, पण मुंगीची खेळणी अजून माझ्या दुकानात आहेत. सकाळी सातला निघतील, दुपारी एकपर्यंत पोचतील. ती जे मला म्हणाली ते तुम्हालाही म्हणेल. मला त्यावर उत्तर सुचलं नाही, मी नुसता पेला विसळून ठेवला. तुमच्याकडे रविवारपर्यंत वेळ आहे.

तुमचा सासरा